बाजाराच्या पिशवीतला स्कर्ट

पिशवीत वर सात शिरांची भेंडी होती आणि तिच्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. शुक्रवार होता. म्हापशाच्या बाजारातून बाई थेट माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या होत्या. डिचोलीकडच्या, चाळिशीतल्या, मराठी प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या. भेंडी खुर्चीवर काढून ठेवली, वर्तमानपत्र उलगडलं, आतला कपडा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “हा आमच्या ह्यांचा.”

स्कर्ट होता. शेवाळी रंगाचा, पातळ नायलॉनचा, पोटरीपर्यंत पोचेल एवढा. दोन्ही बाजूंना चेन लावलेले खोल खिसे, मागे आणखी एक. घेराच्या टोकाला एक छोटा हुक शिवलेला होता. तो कशासाठी, हे तेव्हा मला कळलं नाही.

“स्कूटरच्या डिकीत मिळाला. रेनकोटाखाली.”

ओळख पटू नये म्हणून दोन-चार तपशील बदलून हे लिहिते आहे. कारण ही काळजी घेऊन येणाऱ्या त्या काही एकट्या नाहीत. कुणाचा कॉलेजातला मुलगा प्रवासाला निघताना पँटऐवजी घेरदार काहीतरी नेसतो, कुणाचा भाऊ किल्ल्यावर किल्ट, म्हणजे स्कॉटलंडच्या पुरुषांचा स्कर्ट, घालून चढतो. विचारणारी कधी आई असते, कधी बायको, आणि आवाज खाली आणून विचारायचं एकच असतं : ह्याला काही झालंय का?

तर नवरा एका कारखान्यात सुपरवायझर. पावसाळ्यात रविवारी एका ग्रुपबरोबर सत्तरीच्या नाहीतर मोलेच्या रानात जायचा. बाईंची त्याला हरकत नव्हती. पण जुलैत स्टाफरूममध्ये एका सहकारी बाईंनी मोबाइल पुढे केला. ओहोळात उभे असलेले पाच-सहा पुरुष, त्यातला एक स्कर्टमध्ये. “तुमच्या मिस्टरांनी लेडीज बॅच घेतली की काय?” सगळ्या हसल्या. बाईही हसल्या, आणि घरी येऊन त्यांनी डिकी उघडली. त्याला तीन आठवडे झाले होते. नवऱ्याला त्यांनी अवाक्षराने विचारलं नव्हतं. विचारलं होतं ते इंटरनेटला, रात्री, पांघरुणात मोबाइल धरून. तिथे त्यांना नको नको ते वाचायला मिळालं. त्यातून गेले दोन-तीन महिने नवरा बाहेरच्या खोलीत झोपत होता. “माझ्या घोरण्याने तुझी झोपमोड होते,” असं त्याचं म्हणणं. पंधरा वर्षं ज्या घोरण्याचं काही वाटलं नाही, ते आता कसं आठवलं?

मी पहिलाच प्रश्न चुकीचा विचारला. म्हटलं, “घरी कधी तुमचे कपडे घालून बघतात का?” बाईंचा चेहरा उतरला. आल्या त्यापेक्षा मोठी भीती मी त्यांच्या पदरात टाकली होती. इतकी वर्षं या खुर्चीत बसूनही स्कर्ट म्हटल्यावर माझ्या डोक्यात आधी बाई आली, ते तीन खिसे डोळ्यांसमोर असून दिसले नाहीत. बाईंच्या कपाटाला कुणी हात लावलेला नव्हता. त्याच्याकडे होता तो हा एवढा एक कपडा.

मग जे आधी सांगायला हवं होतं ते सांगितलं. पुरुषाने स्कर्ट घालणं हा आजार नाही. त्यावरून त्याला कोण आवडतं हेही कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या जुन्या यादीत विरुद्धलिंगी कपड्यांच्या लैंगिक ओढीचं एक निदान होतं. 2022 पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत तेसुद्धा उरलेलं नाही. आपल्याकडच्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात तिसरं कलम आहे : समाजाच्या नैतिक किंवा सांस्कृतिक रीतीत एखादा बसत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. माणूस कुढायला लागला, झोप उडाली, जेवणावरची वासना गेली, कामाला दांड्या पडायला लागल्या, तर मी काळजी करते. मग अंगात स्कर्ट असो नाहीतर सूट.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, “मग लपवला कशाला?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ज्याच्याकडे होतं त्याला पाठवा, म्हटलं. उठताना त्यांनी स्कर्ट पुन्हा पिशवीत कोंबला आणि पिशवी माझ्याकडेच ठेवली. घरी नेणार नाही, म्हणाल्या. भेंडी मी दिलेल्या प्लॅस्टिकच्या थैलीत भरली. दाराशी सहज विचारलं, “आज घरी काय सांगून आलात?”

“बाजाराला जाते म्हणून.”

आम्ही दोघी जरा वेळ दारातच उभ्या राहिलो.

आठवड्याने तो आला, तो पूर्ण तयारीने. मोबाइलमध्ये फोटोंचा खजिना. म्यानमारमधले लुंगीसारखी लोंजी नेसणारे, भूतानच्या पुरुषांचा झग्यासारखा घो, ग्रीसचे घेरदार झग्यातले शिपाई. ब्रिटिश पार्लमेंटने 1746 मध्ये स्कॉटिश हायलँडच्या पोशाखावर बंदी घातली आणि 1782 मध्ये उठवली, हेही त्याला पाठ. मला त्याची दया आली. माणूस वकिलासारखं बोलायला लागला की ओळखावं, खटला दुसरीकडेच कुठेतरी चालू आहे. मी म्हटलं, “मोबाइल ठेवा. हा घेतलात कधी आणि का, तेवढं सांगा.”

तो बराच वेळ टेबलाच्या कडेकडे बघत होता. मग म्हणाला, “जांघेत गजकर्ण झालंय, मॅडम. दोन पावसाळे.”

भिजलेली जीन्स घालून दिवसभर चालायचं, तशीच स्कूटरवरून घरी यायची, अंगावरच वाळवायची. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. इथे दोरीवरचा टॉवेल वाळत नाही तर जीन्स काय वाळणार! खाज सुटली तेव्हा त्याने फार्मसीतून मलम आणलं. अशा बऱ्याच मलमांत बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस मलम सोडतो, आणि बुरशी आत निवांत हातपाय पसरते. शेवटी त्वचेच्या डॉक्टरकडे गेला तेव्हा चट्टे मांड्यांपर्यंत उतरले होते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मलमाची ट्यूब कचऱ्यात टाकायला लावली आणि सांगितलं, सैल घाला, हवा लागू द्या, ओलं अंगावर ठेवू नका. ट्रेक सोडायचा नव्हता. लुंगी एकदा नेसून बघितली तर चढणीवर गाठ सुटली. रेल्वेत एक परदेशी प्रवासी असा स्कर्ट घातलेला दिसला होता, तो आठवला आणि ऑनलाइन मागवला.

इथून त्याची जीभ मोकळी झाली. ओहोळातून बाहेर आल्यावर चालता चालता वाळतो. धबधब्यापाशी कपडे बदलायला आडोसा लागत नाही, आतल्या आत सगळं होतं. पाऊल उंच टाकताना गुडघ्याला काही अडत नाही. मग तोटेही न विचारता सांगितले, त्यामुळे माझा त्याच्यावर विश्वास बसला. पहिल्या दिवशी आत काही आवळ न घातल्यामुळे मांड्या घासून सोलवटल्या, तेव्हापासून आत गुडघ्यापर्यंतची हलकी चड्डी. जळवांना उघड्या पोटऱ्या म्हणजे आमंत्रण, म्हणून लांब मोजे आणि त्यांना मीठ चोळायचं. पठारावरचा वारा इज्जत काढतो. खाली बसायचं कसं हे नव्याने शिकावं लागलं. “बायका हे सगळं कसं सांभाळतात, कुणास ठाऊक,” हे तो अगदी गंभीरपणे म्हणाला. स्कूटरवर मात्र कधीच नाही. ट्रेकच्या ठिकाणी पोचल्यावर घालायचा, निघताना काढून पुन्हा डिकीत.

मी कपाटातून पिशवी काढून दिली आणि त्या हुकाचं विचारलं. त्याने स्कर्ट पँटवरूनच चढवला, मागच्या घेराचं टोक दोन पायांमधून पुढे ओढलं आणि कमरेपाशी अडकवलं. क्षणात ढगळ विजार तयार.

“अहो, हा तर कासोटा!” मी म्हटलं. तोही हसला, पहिल्यांदाच.

पण मग बायकोला का नाही सांगितलं? “स्कर्ट का, म्हणून विचारलं असतं. मग जांघेतलं सांगावं लागलं असतं.” बाहेरच्या खोलीत झोपणं त्यासाठीच. तिला लागू नये म्हणून. भीती काही खोटी नव्हती, गजकर्ण एकाच टॉवेलावरून, अंथरुणावरून घरभर फिरतं. पण त्यासाठीच तर घरात सांगायला हवं होतं. टॉवेल वेगळा, कपडे गरम पाण्यात, उन्हात वाळवणं. आणि घरात आणखी कुणाला चट्टा दिसला तर त्याचंही औषध बरोबरच सुरू करायचं. हा गृहस्थ आपले कपडे गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे वाळत घालत होता, जिथे ऊन कधी पोचत नाही!

दोघं एकत्र आले तेव्हा मला फारसं बोलावंच लागलं नाही. गजकर्णाचं त्याने एका दमात सांगून टाकलं. बाई आधी रडल्या. दुसरी बाई नाही, दुसरं काही नाही, गजकर्ण! मग संतापल्या. त्याने चुकून स्कॉटलंड काढलं. “ते स्कॉटलंडात,” बाई म्हणाल्या. “आपण डिचोलीत.” त्यावर तो गप्प.

“तुम्ही स्कर्ट घातलात त्याचं मला काही नाही. मला आधी ठाऊक असतं तर स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या आधी मीच हसले असते. तुम्ही मला एकटीला तिथे उभं केलंत.”

मला वाटतं हेच त्या तीन आठवड्यांचं दुखणं होतं. लोक हसतात ते हसतातच, त्याला माझ्याकडे औषध नाही. पण काय होणार आहे ते घरातल्या माणसाला आधी कळलेलं असलं तर हसणाऱ्यांच्या रांगेत उभं राहायचं की नवऱ्याच्या बाजूला, हे त्याला ठरवता येतं. त्याने एवढंच कबूल केलं, की ग्रुपवर फोटो पडला की आधी घरी दाखवेन. मुलीची अट तिने आईकडून पाठवली होती : शाळेच्या गेटवर नको. ती बिनतक्रार मान्य झाली.

सासूबाईंचं काय, या चिंतेवर बराच वेळ गेला आणि तो फुकट गेला. म्हातारीने कपडा हातात घेतला, कासोट्याचा हुक बघितला आणि म्हणाली म्हणे, “तुझ्या आज्याचं पुडवें ह्याहून आखूड होतं.” पुडवें म्हणजे गोव्यातलं धोतर. हे ऐकल्यावर मलाही राहवेना. इतिहास सांगून भांडणं मिटत नाहीत असं मी त्याला आधी ऐकवलं होतं, आणि आता स्वतःच सांगत बसले : 1736 साली इथल्या इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाने, ख्रिस्ती झालेल्या लोकांच्या ज्या जुन्या चालींवर बंदी घातली, त्यात पुरुषांनी पुडवें नेसणंही होतं. घरात नाही, शेतातही नाही. नवऱ्याने लगेच 1746 शी दहा वर्षांचा हिशेब जुळवला. बाईंनी घड्याळाकडे बघितलं.

गणपती झाल्यावर त्यांचा फोन आला. गोळ्यांचा कोर्स पुरा झालाय, चट्टे गेलेत, डॉक्टरांनी दोन महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. स्कर्ट आता पुढच्या दोरीवर वाळतो, टाकीमागे नाही. शेजारीण बघून गेली. काय म्हणाली ते बाईंनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

“आणि मॅडम, माझी पिशवी तुमच्याकडेच राहिलीय. हे नुसता स्कर्ट घेऊन आले. शुक्रवारी बाजाराला येतेय, काढून ठेवाल?”