एक लिटर दूध, दोन हिशेब

प्रश्न : आम्ही इंदूरच्या रामबागेत राहतो. सांवेरजवळ आमची वडिलोपार्जित जमीन आहे. खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू आणि घरच्यापुरत्या दोन म्हशी, एवढाच आमचा पसारा. नातीने शाळेच्या प्रकल्पासाठी या शेतीचा हवामानावर होणारा परिणाम मोजायला घेतला, तेव्हा तिला एका ठिकाणी लिटरभर दुधामागे सुमारे १ किलो कार्बन डायऑक्साइड असा आकडा मिळाला आणि दुसऱ्या ठिकाणी ३ किलोहून अधिक. यांतला खरा कोणता? आणि आमच्या शेताचा हिशेब घरच्या घरी करता येईल का? — एक वाचक, इंदूर

उत्तर : दोन्ही आकडे एकाच म्हशीचे असू शकतात. समजा, एक म्हैस रवंथावाटे वर्षाला ६० किलो मिथेन सोडते आणि १,५०० लिटर दूध देते. मिथेनची तुलना कार्बन डायऑक्साइडशी करताना किती वर्षांची मुदत धरायची, हे आपणच ठरवायचे असते. हवामानबदलाविषयीच्या आंतरसरकारी समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार जनावरांच्या मिथेनला १०० वर्षांसाठी २७ पट आणि २० वर्षांसाठी सुमारे ८० पट धरतात, कारण हा वायू हवेत साधारण बारा वर्षेच टिकतो, मात्र तेवढ्या काळात फार तापवतो. पहिल्या मापाने लिटरमागे १.०८ किलो येतात, दुसऱ्याने ३.२. पॅरिस करारान्वये देशांनी द्यायच्या अहवालांत १०० वर्षांची मुदत वापरतात, म्हणून नातीने तीच घ्यावी. परंतु आकड्याशेजारी मुदत लिहिलेली नसेल, तर तो आकडा प्रकल्पात घेऊच नये.

लिटर या एककाविषयीही मला थोडी तक्रार आहे. म्हशीने दुप्पट दूध दिले की लिटरमागचा आकडा जवळजवळ निम्मा होतो, पण मिथेन त्यामुळे निम्मा होत नाही. उलट खुराक वाढल्याने बहुधा थोडा वाढतोच. शिवाय आपल्याकडे म्हैस केवळ दुधासाठी नसते, तिचे शेण शेतात जाते. मग सगळा भार दुधाच्याच खात्यावर का टाकावा? अशा मिश्र शेतीसाठी संपूर्ण शेताचा, बिघ्यामागचा हिशेब अधिक न्याय्य आहे, असे माझे मत आहे.

तो हिशेब घरी करता येतो. युरियाची ४५ किलोची एक गोणी घ्या. तिच्यात ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो नत्र असते. प्रचलित सरासरीप्रमाणे त्यातले १ टक्का नत्र मातीतल्या जिवाणूंमुळे नायट्रस ऑक्साइड होऊन उडते. त्या वायूचे वजन होते सुमारे ०.३२५ किलो, आणि तो १०० वर्षांच्या मुदतीने २७३ पट धरला की ८९ किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार येतो. युरियातला स्वतःचा कार्बन मातीत सुटतो, त्याचे आणखी ३३ किलो. एका गोणीचे १२२ किलो झाले, तेही कारखान्यातला इंधनाचा खर्च न धरता. अर्थात हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे. देशांनी उत्सर्जन कसे मोजावे याविषयी त्याच आंतरसरकारी समितीने दिलेल्या सूचनांच्या २०१९ च्या सुधारित आवृत्तीत हेच प्रमाण ओल्या हवामानात १.६ आणि कोरड्यात ०.५ टक्का दिले आहे. खरे मोजायचे तर जमिनीवर बंद पेट्या ठेवून त्यांतल्या हवेचे नमुने वेळोवेळी तपासावे लागतात.

गव्हाच्या पाण्याचा वाटा लोक हमखास विसरतात. पाच अश्वशक्तीची मोटर पूर्ण भाराने १०० तास चालली तर सुमारे ३७० युनिट वीज लागते, आणि आपल्या ग्रिडमधील एका युनिटमागे सरासरी ०.७ किलो धरल्यास ते जवळजवळ २६० किलो होतात, म्हणजे युरियाच्या दोन गोण्यांहून अधिक.

सोयाबीनच्या बाबतीत मात्र परदेशी तक्त्यांपासून सावध राहावे. अशा तक्त्यांत दक्षिण अमेरिकेत जंगल तोडून केलेल्या लागवडीचा भार मिसळलेला असू शकतो. तोडीतून सुटलेला कार्बन प्रथेप्रमाणे पुढच्या २० वर्षांच्या पिकांवर वाटतात. माळव्यात हे पीक १९७० नंतर पसरले, ते मुख्यतः पावसाळ्यात पडीक ठेवल्या जाणाऱ्या काळ्या जमिनीवर. तो भार आपल्या सांवेरच्या शेतावर लादण्याचे कारण नाही. मुळांवरच्या गाठींत हवेतले जे नत्र बांधले जाते, तेही समितीच्या २००६ च्या सूचनांपासून नायट्रस ऑक्साइडचा थेट स्रोत म्हणून धरत नाहीत. शेतात उरलेल्या पालापाचोळ्यातले नत्र मात्र धरतात.

गहू निघाल्यावर नरवाई, म्हणजे शेतात उरलेली धसकटे, पेटवली असेल, तर तिच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड वहीत लिहू नये, कारण पिकाने तो त्याच हंगामात हवेतून घेतलेला असतो. त्याच धुरातले मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र लिहावेत, आणि किती बिघे जाळले हे नातीने आजोबांनाच विचारावे.