व्हीसीफेसमध्ये (कॅमेऱ्यातून चेहरा टिपून पडद्यावरचं थ्रीडी पात्र, म्हणजे अवतार, हलवणारं सॉफ्टवेअर) वेबकॅमवर चालवलेला अवतार थरथरतो, पापण्या उगाच फडफडतात. काय करावं?

आधी चेहऱ्यावर समोरून उजेड वाढवा आणि कॅमेऱ्याचं ऑटो एक्सपोजर (उजेड पाहून प्रत्येक फ्रेम किती वेळ टिपायची ते आपोआप ठरवणारं सेटिंग) बंद करा. बहुतेक वेळा थरथर तिथेच थांबते. सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममध्ये डोळे, भुवया, ओठ यांचे बिंदू शोधतं. खोलीत अंधार असला की ऑटो एक्सपोजर एकेका फ्रेमला जास्त वेळ देतं. तो १/१५ सेकंदावर गेला की सेकंदाला ३० चे १५ फ्रेम होतात, मान वळवताना चेहरा पुसट येतो आणि बिंदू जागा सोडतात. म्हणून एक्सपोजर १/३० सेकंदापेक्षा कमी ठेवा, आणि चित्र काळं पडलं तर गेन (कॅमेऱ्याने चित्र कृत्रिमपणे उजळ करणं) न वाढवता दिवा जवळ आणा, कारण गेनने चित्रात दाणे येतात आणि बिंदू पुन्हा थरथरतात. कॅमेऱ्याच्याच सेटिंगमध्ये पॉवरलाइन फ्रिक्वेन्सी (घरच्या विजेची वारंवारता) ५० हर्ट्झ करा. ती ६० वर राहिली तर आपल्याकडच्या ट्यूबलाइटखाली चित्रावर पट्टे सरकतात. स्मूदिंगला (अवताराची हालचाल सौम्य करणारं व्हीसीफेसमधलं सेटिंग) शेवटी हात लावा, तेही थोडाच. जास्त झालं की ओठ आवाजाच्या मागे पडतात. चष्मा असेल तर मात्र एवढ्याने भागणार नाही: काचेवरची चमक डोळा झाकते, तेव्हा दिवा साधारण ४५ अंश बाजूला घ्या आणि स्क्रीनचा ब्राइटनेस उतरवा.