पत्ता बरोबर, पण निरोप कोणता?

लशीतील प्रतिजन किंवा एखादे औषध सगळ्या शरीरात न पसरवता निवडक प्रतिकारपेशींच्याच हाती देण्याच्या संशोधनाबद्दल मागील अंकात थोडक्यात लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांतून या वेळी चार प्रश्न घेतले आहेत. प्रतिजन म्हणजे प्रतिकारसंस्था जो ओळखते तो पदार्थ, बहुधा एखादे प्रथिन किंवा त्याचा तुकडा, एवढे ध्यानात ठेवले तर पुढील मजकूर समजण्यास अडचण येऊ नये.

प्रश्न : शरीरात अब्जावधी पेशी असताना नेमकी हवी ती पेशी औषध वाहून नेणाऱ्या कणाला सापडते कशी? त्याला दिशा कोण दाखवते?

उत्तर : दिशा कोणीही दाखवत नाही, आणि ‘लक्ष्यवेधी’ या रूढ झालेल्या शब्दामुळे नेमका हाच गैरसमज होतो. कण लक्ष्याच्या शोधात निघत नाही. तो रक्ताच्या आणि लसिकेच्या (ऊतींमधून परतणाऱ्या द्रवाच्या) प्रवाहाबरोबर वाहत राहतो, वाटेत असंख्य पेशींच्या अंगाला लागतो, आणि ज्या पेशीच्या पृष्ठभागावर त्याच्याशी जुळणारा रेणू असतो तिला चिकटून राहतो. निवड होते ती चिकटण्याच्या क्षणी. त्याआधीचा प्रवास कुठपर्यंत होणार, हे मुख्यतः आकारमानावर ठरते. त्वचेखाली किंवा स्नायूत टोचलेला फार लहान रेणू केशवाहिन्यांत शिरून रक्तात पसरतो. साधारण १० ते १०० नॅनोमीटरचा कण (मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर) लसिकावाहिनीत ओढला जाऊन जवळच्या लसिकाग्रंथीत पोहोचतो. त्याहून बराच मोठा कण टोचल्या जागीच पडून राहतो आणि एखादी पेशी त्याला उचलून नेईपर्यंत हलत नाही.

लसिकाग्रंथीत पोहोचणे एवढे महत्त्वाचे का, तर टी पेशींशी (प्रतिकार घडवणाऱ्या व आवरणाऱ्या पांढऱ्या पेशींशी) गाठ तिथेच पडते. टी पेशीला अख्खे प्रथिन ओळखता येत नाही. दुसऱ्या एखाद्या पेशीने त्याचे तुकडे करून ते आपल्या पृष्ठभागावर मांडून दाखवावे लागतात. हे काम सर्वांत निगुतीने करतात त्या डेंड्रायटिक पेशी. राल्फ स्टाइनमन आणि झॅन्व्हिल कोन यांनी १९७३ मध्ये उंदराच्या प्लीहेत त्यांचे वर्णन केले, तेव्हा ही वेगळी जात आहे हे मान्य करायला बरेच जण तयार नव्हते. रक्तातील पांढऱ्या पेशींत त्यांचे प्रमाण जेमतेम एक टक्का किंवा त्याहूनही कमी असते. त्यांच्या पृष्ठभागावर ‘डीईसी-२०५’ नावाचा एक ग्राही (विशिष्ट रेणूला धरणारा रेणू) असतो. त्याला चिकटणारे प्रतिपिंड (अँटिबॉडी) तयार करायचे आणि त्या प्रतिपिंडाच्या टोकाला हवे ते प्रतिजन जोडून द्यायचे, ही या संशोधनाची मूळ कल्पना. प्रतिपिंड ग्राहीला धरते, पेशी दोघांनाही आत ओढून घेते आणि प्रतिजनाचे तुकडे करायला लागते.

पेशी शरीराबाहेर काढून, त्यांना प्रतिजन देऊन पुन्हा टोचण्याचा मार्गही आहे, आणि २०१० मध्ये अमेरिकेत मान्य झालेले प्रोस्टेट कर्करोगावरील ‘सिप्युल्युसेल-टी’ हे उपचार त्याच मार्गाचे आहेत. परंतु त्यात प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र उत्पादन करावे लागते. प्रतिजन शरीरातच योग्य पेशीला देता आले, तर एकच कुपी सर्वांना चालेल. माझ्या मते या साऱ्या खटाटोपामागचे सर्वांत व्यवहार्य कारण हेच आहे.

प्रश्न : माझ्या पुतणीला सीलिअ‍ॅक आजार आहे. गव्हाच्या ग्लुटेनमधील ज्या ग्लायाडिन प्रथिनामुळे तिला त्रास होतो, तेच नॅनोकणात भरून दिल्यास प्रतिकार शमतो, असे वाचनात आले. प्रतिजन दिल्याने तर लस बनते. मग तेच देऊन उलट परिणाम कसा होईल?

उत्तर : आपण विषयाच्या गाभ्यालाच हात घातला आहे, म्हणून या उत्तराला जास्त जागा देतो.

पेशीपर्यंत प्रतिजन पोहोचवणे म्हणजे पाकिटावर बरोबर पत्ता घालणे. पाकिटात निरोप कोणता आहे, ही वेगळी गोष्ट. २००१ मध्ये रॉकफेलर विद्यापीठात झालेल्या एका प्रयोगात डीईसी-२०५ ला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाला कोंबडीच्या अंड्यातील लायसोझाइम या प्रथिनाचा तुकडा जोडून तो उंदरांना टोचण्यात आला. मात्रा अगदी अल्प होती. ते प्रतिजन ओळखणाऱ्या टी पेशी प्रथम जोमाने वाढल्या, त्यामुळे लस लागू पडली असे कोणालाही वाटले असते. पण सात दिवसांत त्यांतल्या बहुतेक नाहीशा झाल्या, आणि पुढे त्याच उंदरांना तेच प्रतिजन तीव्र उत्तेजकासह टोचले, तरी त्यांची प्रतिकारसंस्था हलली नाही. मात्र त्याच प्रतिपिंडाबरोबर ‘सीडी४०’ हा ग्राही चेतवणारे दुसरे प्रतिपिंड दिले, तेव्हा टी पेशी दीर्घकाळ कार्यक्षम राहिल्या. पेशी तीच, प्रतिजन तेच, वाटही तीच. केवळ सोबतीच्या एका संकेताने उत्तर उलटे झाले.

हे का होते, ते डेंड्रायटिक पेशींच्या रोजच्या कामात पाहावे. शरीरात दर क्षणी पेशी मरत असतात आणि डेंड्रायटिक पेशी त्यांचे अवशेष गिळून तुकडे मांडत असतात. त्या प्रत्येक तुकड्याविरुद्ध टी पेशी उठल्या, तर शरीर स्वतःलाच पोखरून काढेल. म्हणून मांडलेल्या तुकड्याबरोबर धोक्याची खूण नसेल, तर टी पेशीने तो आपलाच समजून गप्प बसावे, नष्ट व्हावे किंवा इतरांना आवरणाऱ्या नियामक पेशीत रूपांतरित व्हावे, अशी व्यवस्था आहे. या नियामक टी पेशींच्या शोधासाठीच २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मेरी ब्रंकॉ, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळाले. जंतूच्या अंगावर मात्र धोक्याच्या खुणा असतात. त्या दिसताच डेंड्रायटिक पेशी परिपक्व होते आणि तुकड्यासोबत चेतावणीचे रेणूही पुढे करते. शुद्ध प्रथिनाच्या लशीत ॲल्युमिनियमचे क्षार किंवा तत्सम सहायक घटक का मिसळावे लागतात, त्याचे उत्तरही यातच आहे.

म्हणून कर्करोगावरील लस बनवणारे निरोपात चेतावणी घालतात. डीईसी-२०५ च्या प्रतिपिंडाला ‘एनवाय-ईएसओ-१’ हे अनेक गाठींमध्ये आढळणारे प्रथिन जोडून, त्यासोबत जंतूंच्या खुणांची नक्कल करणारी द्रव्ये देऊन ४५ रुग्णांवर केलेली चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. अनेक रुग्णांत त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे आणि टी पेशी तयार झाल्या, काहींचा आजार काही काळ स्थिर राहिला. मार्ग माणसातही चालतो, एवढे त्यातून दिसले. तो पुरेसा आहे, असे म्हणण्याइतका पुरावा त्या एका चाचणीतून मिळत नाही.

सीलिअ‍ॅकमध्ये याच्या नेमके उलट करायचे असते. तिथे ग्लायाडिन शरीरात विरघळणाऱ्या बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) कणांत लपवतात, चेतावणी मुद्दाम वगळतात, आणि ते कण शिरेतून देतात, जेणेकरून प्लीहा व यकृतातील भक्षक पेशी एरवी मृत पेशींचे अवशेष शांतपणे उचलतात तसेच तेही उचलतील. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांना हे कण दिल्यानंतर १४ दिवस ग्लुटेन खाऊ घातले, तेव्हा ग्लायाडिनला उत्तर देणाऱ्या टी पेशींची वाढ हे कण न मिळालेल्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी दिसली. चाचणी लहान होती. आपल्या पुतणीने आज करायचे ते एकच : ग्लुटेन पूर्णपणे टाळणे.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितलीच पाहिजे. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात मज्जातंतूंच्या आवरणातील प्रथिनाचा थोडा बदललेला तुकडा देऊन प्रतिकार शांत करण्याचा प्रयत्न झाला होता. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालांनुसार काही रुग्णांत आजार शमण्याऐवजी भडकला, काहींना अतिसंवेदनशीलतेचा त्रास झाला आणि चाचणी थांबवावी लागली. प्रतिजन कोणत्या पेशीच्या हाती आणि कोणत्या स्थितीत पडेल, यावर ताबा नसताना ‘शांत करणारी लस’ देणे किती जोखमीचे आहे, हे त्यातून कळते. म्हणूनच मला या संशोधनात वेगापेक्षा नेमकेपणाची आस्था अधिक वाटते.

प्रश्न : नॅनोकणांवर प्रतिपिंड चिकटवूनही बहुतांश औषध यकृतात जाते, असे का?

उत्तर : यकृताचे ते कामच आहे. त्याच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर भक्षक पेशी बसलेल्या असतात आणि रक्तातून वाहणारा कोणताही परका कण टिपणे हा त्यांचा धर्म असतो. दुसरे असे की, कण रक्तात शिरताच रक्तातील प्रथिने त्याच्यावर थर करून बसतात, आणि आपण काळजीपूर्वक लिहिलेला पत्ता त्या थराखाली झाकला जाऊ शकतो. स्निग्ध पदार्थांच्या नॅनोकणांवर ‘अ‍ॅपोलिपोप्रोटीन-ई’ बसते. यकृतपेशींवर त्याचा ग्राही असल्याने कण आपोआप तिथे ओढले जातात. जिथे यकृतच हवे असते, तिथे ही अडचण वरदान ठरते. २०१८ मध्ये मान्य झालेले ‘पॅटिसिरान’ हे आरएनएचे औषध याच वाटेने काम करते. प्रतिकारपेशींसाठी मात्र हीच वाट बंद करावी लागते, आणि त्यासाठी स्निग्ध घटकांचे प्रमाण, विद्युतभार आणि आकारमान बदलत राहणे हे प्रयोगशाळांतील रोजचे कष्टाचे काम आहे.

शिवाय पेशीच्या दारात पोहोचले म्हणजे काम झाले असेही नाही. पेशी कणाला एका पिशवीत बंद करून आत घेते. उंदरांवरील एका अभ्यासात नॅनोकणांनी आत नेलेल्या आरएनएपैकी केवळ १ ते २ टक्के भाग त्या पिशवीतून सुटून पेशीद्रवात पोहोचल्याचे दिसले.

प्रश्न : विषारी औषध प्रतिपिंडाला जोडून फक्त रोगी पेशी मारता येतात का? आणि पेशी बाहेर न काढता ‘कार-टी’ (रुग्णाच्या टी पेशींत बदल करून त्यांना रोगी पेशींवर सोडण्याचे) उपचार करता येतील का?

उत्तर : पहिल्याचे उत्तर होय, परंतु ‘फक्त’ हा शब्द वगळून. हॉजकिन लिम्फोमात (लसिकासंस्थेच्या एका कर्करोगात) दिले जाणारे ‘ब्रेन्टुक्सिमॅब व्हेडोटिन’ २०११ मध्ये मान्य झाले. त्यातील प्रतिपिंड रोगी पेशींवरील ‘सीडी३०’ ला चिकटते आणि पेशीच्या आत गेल्यावर पाचक विकरांनी दुवा तोडला की विष मोकळे होते. ते विष एवढे तीव्र आहे की सुटे देताच येत नाही. तरीही थोडा अंश इतरत्र जातो आणि अनेकांच्या हातापायांना मुंग्या व बधिरपणा येतो. ‘जेमटुझुमॅब ओझोगॅमिसिन’ या रक्ताच्या कर्करोगावरील अशाच औषधाची कथा याहून बोलकी आहे : २००० मध्ये अमेरिकेत मान्यता, २०१० मध्ये माघार, आणि २०१७ मध्ये कमी मात्रा विभागून देण्याच्या पद्धतीने पुन्हा मान्यता. या काळात प्रतिपिंड, त्याचे लक्ष्य आणि विष यांत काहीही बदलले नव्हते.

दुसऱ्या प्रश्नाबाबत : २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात टी पेशींवरील ‘सीडी५’ ला चिकटणारे प्रतिपिंड लावलेले नॅनोकण उंदरांच्या शिरेतून देऊन त्यांच्या टी पेशींना शरीरातच कार-टी बनवण्यात आले आणि हृदयातील अनावश्यक तंतूंचे प्रमाण कमी झाले. कणांत अल्पायुषी आरएनए असल्याने हे रूप काही दिवसांतच मावळते. कर्करोगात पहारा दीर्घकाळ टिकावा लागतो, तिथे हे उणे ठरते. स्वप्रतिकारजन्य आजारांत रोगट बी पेशी (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी) एकदा हटवून थांबायचे असेल, तर हेच रूप सोयीचे ठरू शकते, आणि माणसांवरील पहिल्या चाचण्यांत त्याही आजारांचा समावेश आहे.