खातो, पण अंगी लागत नाही

प्रश्न : ताई, माझ्याकडे दोन फुटी टँक आहे, त्यात १४-१५ गप्पी. खायला टाकलं की सगळे तुटून पडतात, पण महिनाभर झाला एकेकाचं पोट खपाटीला जायला लागलंय आणि चार तर गेलेच. दुकानवाल्याने आधी निळं औषध दिलं, मग पिवळं दिलं, मीठ पण टाकून झालं, काही फरक नाही. परवा एका मादीच्या शेपटीखाली लाल केसासारखं काहीतरी लोंबताना दिसलं. मुलगी म्हणते शी आहे. नक्की काय असेल? – एक वाचक, ठाणे

उत्तर : दादा, मुलीचं बरोबरही असू शकतं, म्हणून आधी तिला आणि तुम्हाला एक काम सांगते. उद्या सकाळी टँकचा लाईट लावायच्या आधी टॉर्च घेऊन त्या मादीसमोर पाच मिनिटं शांत बसा, काचेवर टकटक करायची नाही. शी असेल तर ती लोंबते, तुटते आणि खाली पडते, आणि ब्लडवर्म (खाऊ म्हणून मिळणाऱ्या लाल अळ्या) किंवा रंग वाढवणारे लाल दाणे घालत असाल तर शी पण लालच येते. जंत असतील तर मासा एका जागी स्थिर झाला की दोन-तीन लाल धागे हळूच बाहेर येतात, पंख्यासारखे पसरतात, आणि मासा हलला की लगेच आत ओढले जातात. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की परत कधी गोंधळ होत नाही.

तसं दिसलं तर तो कॅमॅलेनस नावाचा गोलकृमी आहे. गप्पी, मॉली, प्लॅटी, सोर्डटेल यांच्यात हा फार दिसतो. आतड्याला चिकटून रक्त पितो म्हणून लाल, आणि म्हणूनच मासा एवढं खाऊनही अंगी काही लागत नाही. निळ्या औषधाचा म्हणजे मिथिलीन ब्लूचा पोटातल्या जंतावर काहीच परिणाम होत नाही, उलट फिल्टरमधले चांगले बॅक्टेरिया मरतात, अमोनिया वाढतो आणि आधीच अशक्त झालेल्या माशावर दुसरं संकट येतं. हे मी अगदी कळवळून सांगतेय कारण सुरुवातीच्या काळात माझे अकरा सोर्डटेल असेच गेले, मी रोज औषध बदलत राहिले आणि त्या माशांकडे नीट पाच मिनिटं बघितलं मात्र नाही. ते मला अजून लागतं.

औषध आहे लेव्हामिसोल. शेळ्या-मेंढ्यांना जंतासाठी देतात तेच, त्यामुळे जनावरांच्या डॉक्टरांना ते माहीत असतं, त्यांना विचारूनच घ्या आणि पाकिटावर मिलीग्रॅम किती लिहिलेत ते बघा, कारण पावडर, लिक्विड, गोळी प्रत्येकाची ताकद वेगळी. डोस लिटरला २ मिलीग्रॅम. तुमचा टँक दोन फूट बाय एक बाय एक धरला तर होतात साधारण ५७ लिटर, पण खडी आणि वरची रिकामी जागा सोडली तर पाणी ४५ लिटरच्या आसपास, म्हणजे ९० मिलीग्रॅम लागेल. समजा १५० मिलीग्रॅमची गोळी मिळाली, तर ती कुटून १५० मिली पाण्यात विरघळवा, नीट हलवा आणि त्यातलं ९० मिली टँकमध्ये ओता, उरलेलं फेकून द्या. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर आधी काढा नाहीतर तो औषध शोषून घेईल. एअर पंप चालू ठेवा, लाईट बंद, टँकवर जुनी चादर टाका कारण उजेडात हे औषध खराब होतं. चोवीस तास तसंच ठेवायचं.

आता खरी मेहनत पुढे आहे आणि इथेच बहुतेक लोक चुकतात. लेव्हामिसोलने जंत मरत नाहीत, लुळे पडतात आणि शीबरोबर बाहेर येतात. ते आणि त्यांच्या अळ्या खडीत पडून राहिल्या आणि माशांनी परत टिपल्या की पहिले पाढे पंचावन्न. म्हणून दुसऱ्या दिवशी सायफनने (पाणी आणि घाण ओढून काढायच्या नळीने) खडीचा कोपरा न् कोपरा ओढून काढा, निम्म्याहून जास्त पाणी बदला (क्लोरीन काढलेलं आणि साधारण तेवढ्याच तापमानाचं), आणि दोन-तीन आठवड्यांनी हेच सगळं परत करा. फक्त बारीक झालेल्यांना वेगळं काढून डोस देऊन भागणार नाही, टँकमधल्या सगळ्यांना द्यायला लागतो, धडधाकट दिसणाऱ्यालाही. फार खंगलेला एखादा मासा औषधानंतरही जाऊ शकतो, आतडं आधीच खराब झालेलं असतं. त्याचं खापर स्वतःवर फोडून घेऊ नका.

आणि धागे दिसलेच नाहीत तर? मग घाई करू नका. गप्पीचं आयुष्यच दोन वर्षांच्या आसपास, म्हातारा गप्पी वाळतोच. मादी पिल्लं घालून मोकळी झाली की तिचं पोट दोन दिवस आत गेलेलं दिसतं. नवीन आणलेला मासाही बारीक असतो, कारण आपल्याकडे कुर्ल्याला किंवा क्रॉफर्ड मार्केटला येणारा बराच माल कोलकाता-चेन्नईकडून येतो आणि पिशवीतलं पाणी घाण होऊ नये म्हणून पाठवायच्या आधी त्यांना उपाशी ठेवतात. असा मासा आठ-पंधरा दिवसांत भरला पाहिजे, नाही भरला तर शंका घ्या. खाणं सुट्टं, पारदर्शक पिशवीत बांधून दिलेलं आणत असाल तर ते किती दिवस उन्हात लटकत होतं कोण जाणे, त्यातली व्हिटॅमिन्स गेलेली असतात. छोटा बंद डबा आणा. आणि टेस्ट किटने अमोनिया, नायट्राइट बघा, दोन्ही शून्य पाहिजेत.

प्रश्न : आमच्या एंजल फिशने आठ दिवसांपासून खाणं सोडलंय. दाणा तोंडात घेते आणि थुंकते. पांढरी, लांब, दोऱ्यासारखी शी लोंबते. सगळे म्हणतात हेक्झामिटा झालाय, मेट्रोनिडाझोल टाक. टाकू का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : थोडं थांबा. पांढरी शी म्हणजे हेक्झामिटाच (आतड्यातला एक सूक्ष्म परजीवी) असं सगळीकडे सांगितलं जातं पण ते अर्धवट आहे. कुठल्याही कारणाने माशाने चार दिवस खाल्लं नाही की आतड्यात अन्न नसतं, नुसता चिकट स्राव बाहेर येतो, तो पांढराच दिसणार. एंजलच्या बाबतीत मी आधी विचारेन की टँकमध्ये जोडी जमलीये का, कारण जमलेली जोडी तिसऱ्याला कोपऱ्यात दाबून ठेवते आणि तो बिचारा भीतीनेच खाणं सोडतो. तसं असेल तर गोळीची नाही, वेगळ्या टँकची गरज आहे.

पण खाणं थुंकणं, पांढरी शी, रंग काळपट होणं आणि पाठ सुरीसारखी धारदार होत जाणं हे सगळं एकत्र असेल, पाणीही चांगलं असेल, तर मात्र आतड्यातल्या या सूक्ष्म परजीवींवर संशय घ्यायला हरकत नाही. पक्कं कळायला ताजी शी मायक्रोस्कोपखाली बघावी लागते, कुणाच्या ओळखीत लॅब असेल तर जरूर बघून घ्या. औषध खाण्यातून गेलं तर सगळ्यात चांगलं लागू पडतं, १० ग्रॅम खाण्याला १०० मिलीग्रॅम मेट्रोनिडाझोल या हिशोबाने. पण तुमची खातच नाहीये, म्हणून ते पाण्यातून द्यावं लागेल. तिला वेगळ्या टँकमध्ये घ्या, ६० लिटरला ४०० मिलीग्रॅमची एक गोळी, पाच दिवस रोज, आणि प्रत्येक डोसच्या आधी थोडं पाणी बदलायचं. टँक ३० लिटरचा असेल तर २०० ची गोळी. मधेच तोंड लावायला लागली तर उरलेले दिवस खाण्यातून द्या. ही माणसांचीच अँटिबायोटिक आहे, डॉक्टरांना विचारून घ्या आणि मुख्य टँकमध्ये उगाच ओतू नका.

प्रश्न : दोन वर्षांच्या टँकमध्ये महिना-दोन महिन्यांनी एक मासा बारीक होऊन मरतो. आता एका गुरामीची पाठ वाकडी झालीये आणि अंगावर एक जखम आहे. सगळी औषधं करून झाली. माझ्या बोटावर पण एक गाठ आलीये पण ती काच लागली होती तिथलीच असेल. – एक वाचक, बडोदा

उत्तर : ताई, मी आधी तुमच्या बोटाचं बोलते. ही गाठ तीन-चार आठवड्यांत बसली नसेल तर आजच स्किनच्या डॉक्टरांकडे जा आणि 'मी घरी मासे पाळते, हात टँकमध्ये जातो' हे स्वतःहून सांगा, कारण तुम्ही सांगितलं नाही तर त्यांच्या ते डोक्यातही येणार नाही.

तुम्ही लिहिलंय ते माशांच्या टीबीसारखं वाटतंय. मायकोबॅक्टेरियम मरायनम नावाचा जंतू, १९२६ साली फिलाडेल्फियाच्या अ‍ॅक्वेरियममधल्या मेलेल्या माशांमध्ये तो सापडला होता. माणसाच्या नेहमीच्या टीबीचा हा भाऊबंद, पण याला ३० डिग्रीच्या आसपासचं तापमान मानवतं, म्हणून माणसात तो फुप्फुसात सहसा जात नाही, हाताच्या थंड कातडीवरच राहतो, आणि कापलेल्या, खरचटलेल्या जागेतून शिरतो. योग्य औषधांनी बरा होतो, फक्त काही महिने लागतात. घाबरू नका, पण टाळूही नका. तोपर्यंत टँकमध्ये हात घालायचा तर लांब ग्लोव्हज, आणि सायफन तोंडाने ओढणं कायमचं बंद.

गुरामीसाठी मात्र माझ्याकडे उपाय नाही हे लिहिताना वाईट वाटतंय. या रोगावर माशांमध्ये खात्रीचं औषध नाही. ती खात नसेल, तोल जात असेल तर तिला तसं झुरत ठेवू नका. लवंगेचं तेल, लिटरला साधारण दहा थेंब, आधी छोट्या बाटलीत कोमट पाण्यात जोरात हलवून पांढरं करायचं, मग तिच्या भांड्यात ओतायचं. गुंगी येऊन ती शांत होते. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही अर्धा तास तशीच ठेवा आणि मग कुंडीत नाही, अंगणात खोल पुरा. राहिलेले मासे धडधाकट असतील तर त्यांना तिथेच जगू द्या, पण त्या टँकमधला एकही मासा, झाड किंवा गोगलगाय कुणाला देऊ नका आणि नवीन काही आणू नका. पाणी तलावात, नाल्यात ओतायचं नाही. पुढे कधी टँक रिकामा झाला तर खडी फेकून द्या, काच सुकवून ७० टक्के अल्कोहोलने पुसून घ्या, नुसत्या ब्लीचला हा जंतू सहज दाद देत नाही. जाळी धुवत बसू नका, ती नवीनच घ्या. आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला जरूर कळवा.