नवऱ्याला आर्ट रेसिडेन्सी मिळाली तर युरोपात सेटल होता येतं का?

ताई, तुम्ही नैरोबीहून विचारलंय की मिस्टर केनियन शिल्पकार आहेत, त्यांना इकडे रेसिडेन्सी मिळाली तर त्याच जोरावर दोघांना कायमचं येता येईल का. मी अ‍ॅमस्टरडॅमला राहते म्हणून इथलंच आधी सांगते. त्या जोरावर नाही येता येत. रेसिडेन्सी म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरता स्टुडिओ, राहायची जागा, कधी स्टायपेंड, आणि मुदत संपली की चावी परत.

इथे थामी म्न्येले फाउंडेशन आहे, खास आफ्रिकन आणि आफ्रिकन वंशाच्या आर्टिस्टसाठी. म्न्येले साउथ आफ्रिकेचे, वर्णद्वेषी सरकारविरुद्ध पोस्टर्स करायचे, १९८५च्या जूनमध्ये शेजारच्या बोट्स्वानात, गॅबोरोनला साउथ आफ्रिकेच्या लष्कराने धाड टाकली त्यात गेले. या फाउंडेशनचा मुक्काम साधारण तीन महिन्यांचा असतो आणि इथेच लोक अडकतात, कारण शेंगेन व्हिसा, म्हणजे नेदरलँड्स, फ्रान्स धरून युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा कमी मुदतीचा व्हिसा, तो कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, आणि जुलै-ऑगस्ट-सप्टेंबर मोजा बरं, ९२ होतात! शिवाय मधे पॅरिसला आठवडाभर गेलात तरी ते दिवस त्याच ९०मध्ये धरतात. लंडनची गॅसवर्क्स ही रेसिडेन्सी वेगळी, त्याला यूकेचा व्हिसा. तुमचा पासपोर्ट भारतीय असला तरी केनियात रीतसर राहताय तर अर्ज नैरोबीतूनच करायचा, पण तुमचा स्वतंत्र, आणि शेंगेन व्हिसावर इथे नोकरी करता येत नाही.

दोन वर्षांचं हवं असेल तर अ‍ॅमस्टरडॅमचीच रायक्सअकादेमी ही रेसिडेन्सी. मेटल, लाकूड, सिरॅमिक सगळ्याची वर्कशॉप्स आत आहेत, त्यामुळे शिल्पकाराला सोन्यासारखं, पण जगभरातून अर्ज येतात. बेनिनचा आर्टिस्ट मेशाक गाबा १९९६-९७ला तिथे होता. आपल्या कामाला इथल्या म्युझियममध्ये जागाच नाही म्हणून पठ्ठ्याने स्वतःचंच बारा खोल्यांचं आफ्रिकन म्युझियम उभं केलं, २०००मध्ये लग्नसुद्धा इथल्या स्टेडेलिक म्युझियममध्ये त्याच कामाचा भाग म्हणून लावलं, आणि पुढे ते काम लंडनच्या टेट म्युझियमने घेतलं. मला विचाराल तर कल्चरल एक्सचेंज याला म्हणायचं. नाहीतर ओपन स्टुडिओला, म्हणजे स्टुडिओ लोकांना बघायला खुला ठेवतात तेव्हा, वाइनचा ग्लास घेऊन लोक येतात आणि यात आफ्रिकन काय आहे असं विचारतात, तेव्हा एक्सचेंज कसलं, एकट्यानेच उत्तरं देत बसायचं. म्हणून अर्ज करायच्या आधी त्या जागेने आधी कोणाला बोलावलं आणि त्यांनी तिथे काय केलं हे नक्की बघा, आणि तिकडून परत आलेले कोणी नैरोबीत असतील, कुओनाच्या स्टुडिओंमध्ये चौकशी करा, त्यांच्याशी बोला. वेबसाइटवर सगळंच छान दिसतं.

पैशाचं स्पष्ट विचारायचं, लाजायचं नाही. पॅरिसच्या सिते इंटरनॅशनाल दे झार या रेसिडेन्सीत तीनशेच्या वर स्टुडिओ आहेत, पण स्कॉलरशिप नसेल तर दर महिन्याला पैसे भरावे लागतात. विमानाचं तिकीट, इन्शुरन्स, मटेरियल कोण देणार, जोडीदाराला त्याच खोलीत राहू देतात का, हे सगळं ईमेलवर लेखी घ्या, व्हिसाच्या फाइललाही तेच लागतं.

आणि मिस्टर दगडात काम करतात की मेटलमध्ये ते कळवा, त्यावरून कुठे अर्ज टाकण्यात अर्थ आहे ते सांगते.