गाणं बाहेर पडण्याआधीचे चार आठवडे

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

अभंगाचं मिक्सिंग संपत आलंय आणि आषाढी एकादशीच्या पहाटे तो सगळीकडे प्रकाशित करायचा, असं तू लिहिलंस. ती तारीख आधी बदल. देहूहून तुकोबांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते, आळंदीहून माउलींची अष्टमीला. तिथून एकादशीपर्यंत अडीच आठवड्यांहून जास्त दिवस घराघरांत, गाड्यांत, फोनवर अभंग वाजत असतात. एकादशीला आलेल्या गाण्याच्या वाट्याला त्यातला शेवटचा दिवस येतो आणि द्वादशीपासून ऐकणं ओसरतं. प्रस्थानाच्या आठवडाभर आधी गाणं बाहेर यायला हवं, आणि त्याच्याही चार आठवडे आधी फाइल डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे गाणं स्पॉटिफाय, यूट्यूबसारख्या ठिकाणी पोचवणाऱ्या कंपनीकडे, पोचायला हवी.

चार आठवडे लागतातच. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायचं तर ते अजून प्रकाशित झालेलं नसावं लागतं. किमान सात दिवस आधी सुचवलंस, तर ते तुझ्या फॉलोअरांच्या 'रिलीज रडार' या नव्या गाण्यांच्या यादीतही जातं. पण डिस्ट्रिब्युटरची तपासणी, कव्हर नाकारलं जाणं, नावातली चूक दुरुस्त करणं यांत दोन आठवडे सहज जातात. कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेलचं, चौरस ठेव. त्यावर फोन नंबर, इन्स्टाग्रामचं नाव किंवा क्यूआर कोड टाकलास तर ते परत येणार. सुचवणीसाठी ५०० अक्षरं मिळतात. तिथे 'काळजाला भिडणारं' वगैरे नको. कोणाचा अभंग, चाल नवी की पारंपरिक, पखवाज आहे की तबला, वारीच्या काळात कोणते श्रोते तो ऐकतील, एवढं लिही.

याहून मोठी गोष्ट हक्कांची, आणि नेमकी तिथेच अभंग गाणारे फसतात. तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत, पण तुझ्या कानात बसलेली चाल सर्वांची असेलच असं नाही. आज 'पारंपरिक' म्हणून गायल्या जाणाऱ्या कित्येक चाली विसाव्या शतकातल्या संगीतकारांनी बांधल्या आहेत. आपल्या कायद्यात चालीचा हक्क संगीतकाराच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. अशी चाल 'पारंपरिक' लिहून टाकलीस तर यूट्यूबवर दावा येतो आणि जाहिरातीचे पैसे दुसऱ्याकडे वळतात. कधी गाणंच उतरवलं जातं. चाल तुझी असेल तर संगीतकार म्हणून तुझं नाव दे. दुसऱ्याची असेल तर लेखी परवानगी घे, नाहीतर नवी बांध. मला विचारशील तर नवीच बांध, कारण जुन्या चालीत तुझी तुलना थेट मूळ गायकाशी होणार.

दुसरा फास तानपुऱ्याचा. तानपुरा किंवा ठेका ॲपमधून अथवा लूपच्या (पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या तयार तुकड्यांच्या) संग्रहातून घेतला असेल, तर तेच लूप हजार जणांनी वापरलेले असतात. अशा गाण्यावर डिस्ट्रिब्युटरकडून यूट्यूबचा कंटेंट आयडी, म्हणजे इतरांच्या व्हिडिओंत तुझा आवाज ओळखणारी यंत्रणा, चालू करू नकोस. ती ते लूप तुझे समजून इतरांच्या व्हिडिओंवर दावे लावते, तक्रारी येतात आणि तुझं खातं अडकतं. तानपुरा स्वतः वाजवून रेकॉर्ड केला असेल तर कंटेंट आयडी खुशाल चालू कर, पण आधी तुझं स्वतःचं चॅनेल वगळायला सांग, नाहीतर पहिला दावा तुझ्याच व्हिडिओवर लागेल.

नावाचं काम तासाभराचं आहे, पण राहिलं तर वर्षभर निस्तरावं लागतं. मराठीत एकाच नाव-आडनावाची माणसं पुष्कळ. डिस्ट्रिब्युटरचा फॉर्म भरताना तुझ्या स्पॉटिफाय पानाचा दुवा दिला नाहीस, तर गाणं कुणा भलत्याच्या पानावर जाऊन बसतं. रोमन स्पेलिंग एकदा ठरव आणि सगळीकडे तेच ठेव. भाषेच्या रकान्यात मराठी निवड. घाईत हिंदी राहून जातं आणि मराठी यादीत गाणं दिसत नाही. गाण्याला मिळालेला १२ अक्षरांचा आयएसआरसी क्रमांक, म्हणजे त्या रेकॉर्डिंगची ओळख, वहीत लिहून ठेव. पुढे डिस्ट्रिब्युटर बदललास तर तोच क्रमांक आणि तीच ऑडिओ फाइल वापर, म्हणजे आधीचे स्ट्रीम, अर्थात गाणं किती वेळा वाजलं ती मोजणी, टिकतील.

आता ज्यात सर्वांत जास्त जीव ओतायचा ते काम: इंटरनेटवरचं तुझं स्वतःचं पान. डोमेनला, म्हणजे त्याच्या पत्त्याला, वर्षाला हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. प्रत्येक गाण्याला एक स्वतंत्र पान कर. त्यावर अभंगाचे पूर्ण शब्द देवनागरीत, युनिकोडमध्ये टाईप कर. शब्दांचं चित्र लावलंस तर शोधयंत्र ते नीट वाचत नाही, आणि श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधून चिकटवलेला मजकूर विस्कटतो. शीर्षकात अभंगाची पहिली ओळ देवनागरीत आणि रोमनमध्ये दे, कारण बरेच लोक रोमनमध्ये शोधतात. विठ्ठल लिहिताना कुणी एक टी लावतो, कुणी दोन. ती रूपंही मजकुरात कुठेतरी येऊ देत. गाथेच्या आवृत्तीनुसार अभंगाचा क्रमांक बदलतो, म्हणून क्रमांकासोबत आवृत्तीही लिही. कठीण शब्दांचे अर्थ दे.

आणि मग भजनी मंडळांसाठी लिही. अभंग पसरतो तो गायल्यामुळे. मंडळातल्या काकूंना हवं असतं ते असं: स्वर काळी दोन की काळी चार, ठेका कोणता, ध्रुवपद कुठे पुन्हा घ्यायचं, आणि ध्रुवपद-अंतऱ्याची सरगम. एवढं पानावर असेल आणि जोडीला गायनाशिवायचा ट्रॅक असेल, तर तुझी चाल दर एकादशीला कुठे ना कुठे म्हटली जाईल. त्यासाठी रेकॉर्डिंग हार्मोनियमच्या सुराला जुळलेलं हवं. तानपुरा पाव स्वर चढा ठेवला असेल तर पेटीवाल्याला तुझ्याबरोबर वाजवताच येणार नाही. मास्टरिंग पक्कं होण्याआधी हे तपास.

त्याच पानाशेजारी महिन्यातून दोन लेख लिही. 'माझं नवं गाणं आलं' हा लेख होत नाही. त्याच अभंगाला भजनी ठेका का घेतला आणि केरवा का सोडला, एका चरणाचा अर्थ लावताना चाल कुठे बदलली, असं लिही. हे तुझ्याशिवाय कुणी लिहू शकत नाही. पानाच्या तळाशी ईमेल घेण्याचा छोटा रकाना ठेव. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच मावतात, आणि ज्यांनी तुझा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. तेव्हा निव्वळ त्यावर विसंबू नकोस. परदेशातली महाराष्ट्र मंडळं गणेशोत्सवाचे कार्यक्रम काही महिने आधी ठरवतात. त्यांना पत्र लिहिताना याच पानाचा दुवा दे, म्हणजे समितीला शब्द, आवाज आणि संपर्क एका जागी मिळेल.

'पाचशे रुपयांत दहा हजार स्ट्रीम' असे निरोप तुला येतील. एकालाही उत्तर देऊ नकोस. ते स्ट्रीम यंत्रं करतात. एकाच प्लेलिस्टमधून, अनोळखी शहरातून अचानक उसळी आणि सेव्ह मात्र शून्य, ही त्याची खूण. पकडलं गेलं की स्पॉटिफाय डिस्ट्रिब्युटरला दंड करतं, तो दंड तुझ्यावर येऊ शकतो आणि गाणं काढलं जातं. २०२४ पासून वर्षभरात १००० स्ट्रीम झाल्याशिवाय तिथे गाण्याचे पैसे सुरूच होत नाहीत हे खरं, पण तो आकडा सरगम शिकणारी भजनी मंडळं गाठून देतील.

जाहिरातीवर खर्च करायचाच असेल तर फेसबुक-इन्स्टाग्रामवरचं 'बूस्ट'चं बटण दाबू नकोस. ॲड्स मॅनेजरमधून सात दिवस, रोजचे दोनशे रुपये, आणि जाहिरात थेट तुझ्या पानावर नेणारी. आठवड्यानंतर लाइक मोजू नकोस. किती जणांनी ईमेल दिला ते बघ.

आता लगेच करायचं काम: तबलजी, पखवाजवादक आणि मिक्सिंग करणाऱ्याला फोन कर. कोणाला किती मानधन दिलं, पुढच्या उत्पन्नात कोणाचा किती वाटा, नावं कोणत्या क्रमाने येणार, हे एका पानावर लिहून सगळ्यांच्या सह्या घे. चाल तुझी असेल तर संगीतकार म्हणून आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांचं मानधन गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घे आणि गाणं तिथे नोंदव. फाइल सह्या झाल्यावरच पाठव.

कळावे, लोभ असावा.