लेकराच्या दाढांसाठी दातांच्या दवाखान्यात गुंगी देणं सुरक्षित असतं का? नियम काय असतात?

तुम्ही लिहिलंय की मुलगा साडेचार वर्षांचा आहे, वजन १४ किलो, सहा दाढा किडल्यात आणि रात्री ठणक्यानं उठून रडतो. खुर्चीवर तोंडच उघडत नाही, म्हणून दातांचे डॉक्टर म्हणाले, "हलकी गुंगी देऊ, एकाच बैठकीत सगळं उरकून टाकू." त्याची आई नको म्हणतेय, आणि तुम्हाला हो म्हणायच्या आधी नियम समजून घ्यायचेत.

मी भूलतज्ज्ञ आहे. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि गेली १९ वर्षं लातूर आणि आसपासच्या तालुक्यांत काम करते. सर्जरीच्या दवाखान्यांसोबत दातांच्या दवाखान्यांतही बोलावतात, तेव्हा माझी बॅग घेऊन जाते.

आधी सरळ उत्तर. गुंगी सुरक्षितपणे देता येते, पण अटींवर. त्यातली सगळ्यात मोठी अट औषध कोणतं ही नाही. लेकराच्या श्वासाकडे लक्ष ठेवायला, आणि तेवढंच करायला, एक वेगळा जाणता माणूस तिथे उभा आहे का, ही आहे. बाकीचे सगळे नियम हिच्या मागून येतात.

दाढेचं काम करणाऱ्या डॉक्टरची नजर दाढेत असते, असायलाच हवी. ड्रिल चालू, पाण्याचा फवारा, तोंडात कापसाचे बोळे, सक्शनचा आवाज. मदतनीस मुलगी सिमेंट कालवतेय, हत्यारं हातात देतेय. अशा वेळी पोराची छाती हलायची थांबली तर पहिल्यांदा कुणाच्या लक्षात येणार? आणि हा वायुमार्ग तोच, ज्यात डॉक्टरचे हात आहेत. गुंगीत जबडा सैल पडतो, जीभ मागं सरकते, हनुवटी खाली दाबली गेली की श्वासाची वाट बंद. लहान लेकराचं शरीर वजनाच्या मानानं मोठ्या माणसाच्या जवळपास दुप्पट ऑक्सिजन वापरतं, आणि साठा कमी असतो. म्हणून मोठ्या माणसात जो वेळ हाताशी असतो, तो लेकरात नसतो. मेंदूला चार-पाच मिनिटं ऑक्सिजन मिळाला नाही तर कायमची इजा होऊ शकते.

आता "हलकी गुंगी" या शब्दाबद्दल. आमच्या शास्त्रात गुंगीच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीवर माणूस जागा असतो, फक्त भीती कमी झालेली असते. दुसरीवर पेंगतो, पण हाक मारली, खांद्याला हात लावला की प्रतिसाद देतो. तिसरीवर दुखवल्याशिवाय उठत नाही, आणि श्वासाला मदत लागू शकते. चौथी म्हणजे पूर्ण भूल. अडचण अशी की या पायऱ्यांच्या मध्ये भिंत नाही. तेच औषध, त्याच वजनाला तोच डोस, एक पोरगं गप्पा मारत बसतं आणि दुसरं तिसऱ्या पायरीवर जाऊन पडतं. म्हणून जगभर मान्य असलेला नियम असा आहे की ज्या पायरीपर्यंत न्यायचंय, त्याच्या पुढच्या पायरीवर लेकरू गेलं तरी त्याला परत आणता आलं पाहिजे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि बालदंतवैद्यांच्या संघटनांनी २०१९ साली एकत्रित मार्गदर्शक तत्त्वं सुधारली. त्यात दातांच्या दवाखान्यातल्या खोल गुंगीसाठी स्पष्ट म्हटलंय की औषध देणारा आणि लक्ष ठेवणारा भूलीतला प्रशिक्षित माणूस वेगळा हवा, आणि काम करणाऱ्या दंतवैद्यालाही लहान मुलांना शुद्धीवर आणण्याचं प्रगत प्रशिक्षण हवं. म्हणजे संकटात हात चालवू शकणारी किमान दोन माणसं. "औषधही मीच देतो, दाढही मीच बघतो" हे खोल गुंगीत चालत नाही.

(भूलशास्त्राच्या जन्मात दंतवैद्यांचा मोठा हात आहे. १८४४ साली होरेस वेल्स या अमेरिकी दंतवैद्यानं लाफिंग गॅस घेऊन स्वतःची दाढ काढून घेतली, आणि १६ ऑक्टोबर १८४६ ला विल्यम मॉर्टन या दंतवैद्यानंच बॉस्टनमध्ये ईथरच्या भुलीचा जाहीर प्रयोग करून दाखवला. तेव्हा माझं म्हणणं दातांच्या डॉक्टरांविरुद्ध आहे असं समजू नका.)

एक प्रसंग सांगते. बरीच वर्षं झाली. एका दवाखान्यात पाच वर्षांच्या मुलीचं काम होतं. गुंगी ठीक चालली होती, मॉनिटरवर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा, ९९, ९८. दाढेतून पाण्याचा फवारा घशात गेला आणि तिच्या स्वरयंत्राचे स्नायू आवळले. छाती उचलतेय, पण हवा आत जात नाही. मॉनिटरचा टुक-टुक आवाज जसजसा सॅच्युरेशन उतरतो तसतसा जाड, खाली खाली येत जातो. तो आवाज ऐकून माझ्या पोटात आजही गोळा येतो. मी काम थांबवायला सांगितलं, घसा सक्शननं साफ केला, जबडा पुढं ओढून मास्क घट्ट धरला आणि ऑक्सिजन सुरू करा म्हणाले. सिलिंडर कोपऱ्यात उभा होता, काठोकाठ भरलेला. त्याची किल्ली सापडेना. कुणी म्हणालं ड्रॉवरमध्ये, कुणी म्हणालं गेल्या आठवड्यात सिलिंडरवाल्यानं नेली. ७४ पर्यंत आकडा उतरला. माझ्या बॅगेतली ॲम्बू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) खोलीतल्याच हवेवर दाबत राहिले आणि आवळलेले स्नायू सुटले. मुलगी रडत उठली, तिच्या आईला बाहेर तो आवाज ऐकू गेला आणि ती हसली. मी मात्र खूप वेळ खाली बसून राहिले. सिलिंडर आदल्या दिवशी उघडून बघायचं काम माझंही होतं, आणि ते मी केलं नव्हतं. तेव्हापासून माझ्या बॅगेत माझी स्वतःची किल्ली असते, आणि सिलिंडर उघडून सुस्स आवाज ऐकल्याशिवाय मी सुई हातात घेत नाही.

म्हणून तुम्ही दवाखान्यात जाल तेव्हा बिनदिक्कत विचारा. गुंगी कोण देणार, त्यांचं शिक्षण काय, आणि काम संपेपर्यंत ते खोलीतच थांबणार का? "डॉक्टर येऊन औषध देऊन जातील" असं उत्तर आलं तर उठून या. ऑक्सिजन, लहान मुलाच्या मापाचा मास्क आणि ॲम्बू बॅग, वेगळं सक्शन, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, रक्तदाबाचा पट्टा लहान मापाचा, हे दाखवा म्हणा. खोल गुंगी असेल तर कॅप्नोग्राफ आहे का विचारा. हे यंत्र बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजतं. वरून ऑक्सिजन चालू असेल तर श्वास थांबल्यावरही ऑक्सिमीटर काही काळ ९८ दाखवत राहतो. कॅप्नोग्राफची रेघ मात्र लगेच सपाट होते. आणि लाइट गेली तर? आपल्याकडे हा प्रश्न विचारलाच पाहिजे. मॉनिटरला बॅटरी असते, पण सक्शन इन्व्हर्टरवर चालतं का हे उन्हाळ्याच्या दुपारी कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. बिघडलंच तर कुठल्या दवाखान्यात हलवणार, १०८ तिथवर किती वेळात येते, हेही. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. मला तर असं विचारणारे आई-बाप आवडतात, कारण ते उपाशी ठेवण्याचे नियमही पाळतात.

औषधांचं थोडक्यात सांगते. लाफिंग गॅस, म्हणजे नायट्रस ऑक्साइड, नाकावरच्या मास्कनं देतात. दातांच्या यंत्रात किमान ३० टक्के ऑक्सिजन जाईलच अशी सोय असते, आणि प्रशिक्षण घेतलेले दंतवैद्य तो स्वतः देतात. तो एकटाच वापरला तर बऱ्यापैकी निर्धोक, पण लेकरानं नाकानं श्वास घ्यायला हवा. रडणाऱ्या पोरावर चालत नाही. मिडाझोलम तोंडानं पाजतात. त्याला उतारा आहे, फ्लुमाझेनिल नावाचा, पण उताऱ्याचा असर आधी संपतो आणि गुंगी परत चढू शकते. केटामाइन आणि प्रोपोफॉल यांना उतारा नाही, ती भूलतज्ज्ञाच्याच हातात शोभतात. आणि कुणी "औषध घरूनच पाजून आणा, वाटेत झोपेल" असं म्हटलं तर साफ नाही म्हणा. वाटेत लेकराचा श्वास कोण बघणार?

तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट मला खटकली, ती म्हणजे सहा दाढा एकाच बैठकीत. दाढ सुन्न करायचं लिग्नोकेन वजनावर मोजायचं असतं. मुलांच्या दातांसाठी कमाल ४.४ मिलिग्रॅम दर किलोला धरतात. १४ किलोला झाले साधारण ६१ मिलिग्रॅम. दोन टक्क्यांच्या औषधात एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम असतं, म्हणजे उणेपुरे तीन मिलिलिटर. तोंडाच्या चारही बाजू सुन्न करायला गेलं तर ही मर्यादा कधी ओलांडली हे कळत नाही, आणि जास्त झालं तर झटके येतात, हृदयाची लय बिघडते. वर गुंगीचं औषध असेल तर दोन्हींचा भार एकत्र पडतो. मुलांच्या दातांच्या दवाखान्यात घडलेल्या दुर्घटनांमध्ये ही जोडी पुन्हा पुन्हा दिसते. डॉक्टरांना विचारा, वजनावर हिशेब करून कागदावर लिहिलाय का?

सहा दाढा, तेही रूट कॅनल आणि कॅपसकट, एकदम करायच्या असतील तर मी तुम्हाला हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमधली पूर्ण भूल सुचवेन. ऐकायला उलटं वाटेल. लोकांना "पूर्ण भूल" म्हटलं की धडकी भरते आणि "हलकी गुंगी" म्हटलं की बरं वाटतं. पण पूर्ण भुलीत आम्ही नाकातून श्वासनलिकेत नळी घालतो, पाणी आणि रक्त खाली उतरू नये म्हणून घशात ओली पट्टी बसवतो (ती शेवटी मोजून काढायची असते), आणि श्वास आमच्या ताब्यात असतो. खुर्चीवरच्या अर्धवट गुंगीत पोरगं रडतंय म्हणून अजून थोडं औषध, मग अजून थोडं, असं होत जातं, आणि वाट मोकळी ठेवायला काहीच नसतं. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात लहान मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे, तिथं एकदा दाखवून मत घ्या. काही दाढांना तर भूल लागणारही नाही. कीड दाढेच्या आतल्या नसेपर्यंत पोचली नसेल तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा थेंब लावून ती थांबवता येते. दाढ काळी पडते, पण दुधाची दाढ आहे, काही बिघडत नाही. ठणकणाऱ्या दाढेला मात्र ते पुरणार नाही.

उपाशी ठेवण्याबद्दल जरा कडक बोलते, कारण घरच्या मायेनंच इथं घोळ होतो. जेवण आणि दूध सहा तास आधी बंद, तळलेलं-तुपकट असेल तर आठ तास. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, द्यावंच. गेल्या वर्षी एका सकाळी सगळी तयारी झाली, आईला विचारलं, काही खाल्लं का? नाही म्हणाली. पोराच्या शर्टावर दशमीचा चुरा होता. दारातून आजी म्हणाली, "बाई, लेकरू रात्रीपासून उपाशी होतं, दोन घास दिले दुधात कुस्करून. तेवढ्यानं काय हुतंय?" गुंगीत ते दोन घास वर येऊन फुप्फुसात जातात, एवढंच होतं, आजी. काम पुढं ढकललं. तुमच्या घरातल्या प्रत्येकाला आदल्या रात्री सांगून ठेवा, मुलाच्या हाताला लागेल असा बिस्किटाचा पुडाही उचलून ठेवा.

सर्दी, खोकला, ताप असेल तर लपवू नका. बरं झाल्यावरही निदान दोन आठवडे थांबा, कारण तेव्हा स्वरयंत्र चिडलेलं असतं. रात्री जोरात घोरतो का, झोपेत मध्येच श्वास अडकतो का, टॉन्सिल मोठे आहेत का, दमा आहे का, आधी कधी भुलीत त्रास झाला का, हे न विचारताही सांगा. असं काही असेल तर दातांच्या दवाखान्यात गुंगी नकोच, हॉस्पिटलच.

काम झाल्यावर घाई करू नका. हाक मारल्यावर डोळे उघडून बोलतो, आधार न देता बसतो, पाणी पितो, तोवर तिथंच थांबा. आणि कृपा करून मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. मी हे कितीदा पाहिलंय. पेंगलेलं पोर, मान छातीवर पडलेली, वर उन्हाचं म्हणून टॉवेल तोंडावर गुंडाळलेला. श्वासाची वाट अशीच बंद होते, आणि मागं बसलेल्या आईला वाटतं झोपलंय. चारचाकी करा. एक जण चालवायला, दुसरा मागं लेकराशेजारी, हनुवटी वर राहील अशी मान धरून, डोळा न लावता. घरी पोचल्यावर ओठ दोन-तीन तास सुन्न असतो, तो चावून फोडतात पोरं, तेव्हा तेवढा वेळ घट्ट काही खायला देऊ नका. त्या रात्री त्याला तुमच्या दोघांच्या मध्ये झोपवा, आणि मधूनमधून उठून बघा.